सहव्याधीचा रकाना

तुर्भ्याच्या मागे, जिथे डोंगर अर्धाच उरलाय,
तिथली वडारांची चाळीस घरं माझ्या वाट्याला आली.
निळा गाउन, चेहऱ्यापुढे प्लास्टिक,
हातात वही, खिशात बोटाला लावायचं यंत्र
आणि दारांवर चिकटवायचे स्टिकर.

पहिल्या दिवशी दारंच लागली.
मी वहीत लिहिलं : असहकार.
मग पत्र्यावर बसलेलं एक पोरगं वरूनच म्हणालं,
ताई, मागल्या खेपेला वही घेऊन आले
त्यांनी दारांवर लाल आकडे टाकले,
सोमवारी आकड्यांसकट दारं गेली.

मी असहकार खोडलं.
तिथे दुसरं काय लिहायचं, सुचलं नाही.

हुलगव्वा धोत्रे.
वय? तिनं हात हलवला,
लिही साठ. नाहीतर पन्नास लिही.
ताप? नाही.
दम लागतो?
दम तर बाई, लग्नाच्या आधीपासून आहे.

यंत्राला तिचं बोट सापडेना.
घण आणि छन्नीनं गुळगुळीत झालेलं ते बोट
रेशनच्या मशीनलाही दोन वर्षं ओळखू येत नव्हतं.
दुसरं लावलं, तिसरं लावलं,
करंगळीवर कुठे आकडा उमटला :
शहाऐंशी.
यंत्र बिघडलं म्हणून माझ्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.
पुन्हा तिच्या. शहाऐंशी.
ती तोवर चुलीतलं लाकूड मागे ओढत होती.

हात वीस सेकंद धुवायचे, मी सांगितलं.
वीस सेकंद म्हणजे किती तांबे? तिनं विचारलं.
टँकर तिसऱ्या दिवशी येतो, घरात माणसं नऊ.
त्या रात्री ऐरोलीला, माझ्या बेसिनखाली तांब्या धरून
मी मोजलं : दोन, वर थोडं.
नऊ माणसांचा हिशेब मांडला आणि अर्धाच सोडला.

रुग्णाला वेगळी खोली आहे का?
हुलगव्वानं हनुवटीनं दाखवलं
खाली, वाशीकडच्या मनोऱ्यांकडे.
आहेत की. लई आहेत. खडी आमचीच.

फॉर्मवर सहव्याधी विचारल्या होत्या :
मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंड.
क्रशरच्या तोंडाशी काढलेल्या तीस वर्षांना
रकाना नव्हता.
पदराचं टोक नाकावर बांधून
ही बाई आयुष्यभर पांढरं काहीतरी गिळत आली,
आणि मास्क कसा लावायचा
ते मी तिला चित्र दाखवून शिकवत होते.
मी 'इतर'वर खूण केली.
'इतर'पुढे जेवढी ओळ होती
तिच्यात डोंगर मावेना.

ॲम्ब्युलन्स डांबरापर्यंत आली. पुढचा उतार
नातवानं, तिम्मानं, पाठीवर घेऊन पार केला.
हॉस्पिटलच्या खिडकीत कुणीतरी ऐकलं तसं टाइप केलं :
हुलाबाई ढोत्रे.
धोत्र्यांच्या हुलगव्वाला शोधत तिम्मा
अकरा दिवस गेटवर उभा राहिला.
दर वेळी यादी बघून सांगितलं जायचं,
या नावाचा पेशंट नाही.
बाराव्या दिवशी मीच नवव्या पानावर
चुकीचं नाव ओळखलं.
शेजारी वेळ लिहिली होती. आदल्या पहाटेची.

कारण : न्यूमोनिया.
सहव्याधी : नाही.

पुढे पावसाळा सरल्यावर आढावा बैठक झाली.
पडद्यावर नकाशा, त्यात आमची वस्ती गडद लाल.
मृत्यूचं प्रमाण जास्त, साहेब वाचत होते,
कारण, जनजागृतीचा अभाव.
सगळ्यांनी टिपून घेतलं.
मीही घेतलं. माझं अक्षर चांगलं आहे.
चहा आला. मी तोही प्यायले.

लसीच्या वेळी पुन्हा तीच घरं मिळाली.
मोबाइलवर आकडा येईल, तो सांगायचा,
असं आम्हाला सांगायला सांगितलं होतं,
आणि चाळीस घरांत फोन सात.
मी चढ चढले. आता मलाही दम लागतो.
पहिल्या दारापाशी थांबून
वही आधी पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बांधलं,
आणि मग हाक मारली,
नाव नीट उच्चारून.